बादलीतला तास

मंडळी, कोकणात वाढलेल्या माझ्यासारख्याला खेकडा म्हटले की आधी कुर्ल्यांचे कालवण आठवते. त्यामुळे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉरफोक परगण्यातील वेल्स नावाच्या गावाच्या धक्क्यावर, आजी-आजोबांपासून चिमुरड्यांपर्यंत अख्खी कुटुंबे खेकडे धरतात आणि तासाभराने सोडून देतात, हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला त्याचा अर्थच लागला नव्हता. जवळच्या क्रोमरचा जो खेकडा आवडीने खाल्ला जातो, तो मोठा, तपकिरी आणि वेगळ्या जातीचा. मुलांच्या दोरीला येतो तो हिरवट किनारी खेकडा. त्याचे कवच फार तर 9 सेंटीमीटर रुंद असते आणि प्रत्येक डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला कवचाच्या कडेवर 5 दाते असतात.

शेजारच्या सफोक परगण्यातील वॉल्बर्सविक गावात 1981 पासून असे खेकडे धरण्याची स्पर्धाही भरे. 90 मिनिटांत सर्वांत वजनदार खेकडा धरणारा विजयी होई. पुढे गर्दी गावाला झेपेना, म्हणून ती बंद झाली.

दोरीला गळ बांधायचा नसतो. जाळीच्या पिशवीत बेकनचा तुकडा घालून ती तळापर्यंत सोडली, की वासाने आलेला खेकडा ती नांगीने घट्ट धरतो. मग दोरी हळूहळू ओढायची. हे कोणालाही जमते. खरी काळजी बादलीपाशी लागते, आणि तिथेच आमची चूक झाली होती. पहिल्या वर्षी आम्ही एकाच बादलीत तीसेक खेकडे भरले, बादली उन्हात ठेवली, आणि घरी निघताना त्यातले चार हलेनासे झाले होते. खेकडा कल्ल्यांनी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घेतो; पाणी तापले की तो कमी होतो, त्यातच खेकड्यांनी टाकलेला अमोनिया साचतो, आणि दाटी झाली की ते एकमेकांचे पाय तोडतात. म्हणून आता आम्ही पाच-सहाच खेकडे ठेवतो, बादली सावलीत ठेवून तिच्यात समुद्राचेच पाणी आणि थोडे शेवाळ घालतो, पाणी वरचेवर बदलतो आणि पोटाखाली अंड्यांचा पुंजका असलेली मादी दिसली तर तिला तत्काळ परत पाठवतो. खेकडा उचलायचा तो मागून, कवचाच्या दोन्ही कडा चिमटीत धरून. पायाला धरून ओढले तर सुटकेसाठी तो पायच टाकून देतो. तो पाय पुढे कात टाकताना पुन्हा फुटतो खरा, पण त्यासाठी त्याला वाढीची ताकद खर्चावी लागते.

सोडताना धक्क्यावरून बादली उपडी करू नये. आम्ही पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरतो आणि तिथे ती तिरकी करतो. गेल्या उन्हाळ्यात असेच खेकडे तिरके तिरके पाण्यात शिरत असताना माझ्या मुलीने एकाकडे बोट दाखवले: त्याची एक नांगी मोठी होती, आणि दुसऱ्या बाजूला, तुटलेल्या जागी, तांदळाच्या दाण्याएवढी नवी नांगी फुटत होती.