रंगावर जाऊ नका

नमस्कार, श्रोतेहो.

साप ओळखायला शिकवायचं आणि तेही रेडिओवर, म्हणजे दाखवायला हातात काहीच नाही. पण आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय त्या चापड्यांच्या, म्हणजे इंग्रजीत ज्यांना पिट व्हायपर म्हणतात त्या विषारी सापांच्या बाबतीत ही अडचण नव्हे, सोयच म्हणायची. चापडा ओळखताना माणूस सगळ्यात जास्त फसतो तो रंगाला, आणि रंग तर मी तुम्हाला दाखवूच शकत नाही.

पाऊस पडायला लागला की बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, येऊर, कर्नाळा इथले फोटो मोबाइलवर फिरू लागतात. झुडपावर बसलेला हिरवा साप, आणि खाली कुणीतरी ठोकून दिलेलं असतं, ‘विषारी चापडा!’ पुष्कळदा तो बिचारा हरणटोळ असतो. हरणटोळाचं अंग काटकुळं, तोंड लांब आणि निमुळतं, डोळ्यातली बाहुली आडवी. दुसरा गवत्या. तोही हिरवा, पण जमिनीवर वावरणारा, बाहुली गोल. या दोघांना बाजूला काढणं सोपं आहे, तेव्हा तिथे जास्त रेंगाळत नाही.

चापड्याचं डोकं तिकोनी, मान बारीक, बाहुली उभी. एवढ्यावरून निकाल देऊ नका, कारण घोणसही याच वर्णनात बसते. चापड्याची पक्की खूण म्हणजे डोळा आणि नाकपुडी यांच्यामधला खळगा. फोटो मोठा करून पाहिलात तर वाटतं, याला दोन्हीकडे दोन-दोन नाकपुड्या आहेत की काय! पुढची ती नाकपुडी, मागचा तो खळगा. त्याच्या आत एक पातळ पडदा ताणलेला असतो आणि समोरच्या उंदराच्या अंगाची ऊब त्या पडद्याला कळते. मिट्ट अंधारात चापडा शिकार टिपतो तो याच्या बळावर. ही ऊब कोणतं प्रथिन टिपतं, ते 2010 मध्ये शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. गंमत अशी की त्याच प्रथिनाचा भाऊबंद आपल्याही अंगात आहे. फेसलेली मोहरी नाकात झोंबते, ती त्याच्यामुळे. घोणशीला, फुरशाला हा खळगा नसतो.

खळगा दिसला, चापडा ठरला. पण कोणता चापडा? इथून पुढे गोष्ट अवघड होत जाते.

मुंबईच्या आसपास बांबूच्या बेटांत, कारवीच्या झुडपांत दिसतो तो बांबू चापडा. पावसाळ्यात इथली मंडळी आंबोलीला जातात, तिथे रात्री विजेरीच्या उजेडात भेटतो तो मलबारी चापडा. त्यातला एक हिरवा, दुसरा तपकिरी, तिसरा पिवळट. लोक तीन जाती मोजतात, असते एकच. पाठीवरचे मोठे गडद डाग एकमेकांना जोडून होणारी नागमोडी नक्षी बघा, ती रंगापेक्षा जास्त भरवशाची. आणि साप कुठे दिसला, हे आधी विचारा. अर्धा निकाल जागेवरच लागतो.

उलटा घोळ याहून जुना आहे: रंग एक, जाती अनेक. भारतापासून थेट मलेशियापर्यंत जो हिरवा चापडा सापडेल त्याला कैक वर्षं एकच नाव देत असत. संग्रहालयातल्या बाटल्यांवरही तेच. बाटलीत तर आणखी पंचाईत, कारण अल्कोहोलमध्ये पिवळं रंगद्रव्य विरघळून जातं आणि हिरवा साप चक्क निळा पडतो. 1933 मध्ये क्लिफर्ड पोप आणि सारा पोप या दांपत्याने हे सगळे हिरवे चापडे तपासले आणि या एका नावाखाली बऱ्याच जाती दडल्यात हे दाखवून दिलं. त्यांनी पाहिलं ते खवल्यांकडे आणि शरीररचनेकडे. उदाहरण सांगतो. आग्नेय आशियातला पांढऱ्या ओठाचा चापडा आणि आपला बांबू चापडा शेजारी ठेवले तर सामान्य माणूस दोन्हींना एकच म्हणेल. पण त्या परदेशी चापड्यात वरच्या ओठाचा पहिला खवला नाकपुडीच्या खवल्याशी जुळून गेलेला असतो. आपल्याकडच्यात दोन्हींमध्ये स्पष्ट रेघ असते. एवढीशी रेघ, पण जात ठरवायला तिचा मोठा आधार. बरं, काम तिथेही संपलं नाही. भारतीय द्वीपकल्पातल्या चापड्यांचा 2021 मध्ये पुन्हा अभ्यास झाला, त्यात जनुकंही तपासली, तेव्हा आणखी जाती सुट्या झाल्या.

तुम्ही म्हणाल, ही खवल्यांची बारकाई शास्त्रज्ञांना लखलाभ, आम्हाला काय त्याचं? मग नाकाड्या चापड्याचं ऐका. हा हिरवा नाही. तपकिरी, बुटका, पालापाचोळ्यात पडून राहणारा, नाकाचा शेंडा वर उचललेला. गोव्यापासून खाली दक्षिणेकडच्या जंगलांत याचं घर. केरळमध्ये तो चावलेल्या रुग्णांनी साप सोबत आणला, तरी तो फुरसं किंवा घोणस समजला गेला आणि त्यानुसार लस टोचली गेली. गुण आला नाही. येणार कसा? आपल्या देशात मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनवलेली आहे. चापडा त्यात नाही. नाकाड्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबू शकतं, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

आपल्या कोकणात फुरसं भरपूर, म्हणून हा फरक नीट ऐका. फुरशाच्या डोक्यावर सगळे बारीक, खरखरीत खवले असतात. नाकाड्याच्या डोक्यावर मागच्या बाजूला मोठे, सपाट खवले असतात आणि डोळ्यापुढे तो खळगा. फुरसं वेटोळी एकमेकांवर घासून करकर आवाज करतं. ही खूण मात्र रेडिओच्या अगदी सोयीची!

या खुणा बघायला सापाजवळ जायचं नाही, काठीने डिवचायचं नाही. लांबूनच झूम करून डोक्याचा बाजूने फोटो घ्या, पुरे. आणि साप चावलाच, तर फोटोसाठीही थांबू नका. अवयव हलवू नका, दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, 108 ला फोन करून रुग्णालय गाठा. तिथे डॉक्टर कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करून रक्त गोठलं की नाही ते पाहतात. या परीक्षेला सापाचं नाव लागत नाही. फोटो असला तर तो नंतर दाखवा. लस टोचायची की नाही, हे ठरवताना तो डॉक्टरांच्या कामी येतो.

नमस्कार.