भाडेपट्ट्यातला वारसा

(एका जाहीर व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

पी. डिमेलो रोडने जाताना पूर्वेच्या हाताला भिंत लागते. संपता संपत नाही. तिच्यापलीकडे समुद्र आहे, हे मुंबईत जन्म काढलेल्या कितीतरी जणांच्या गावीही नसतं. मला माहीत, कारण माझे वडील गोदीत यारीवर, म्हणजे क्रेनवर, होते. त्या भिंतीला दारं रंगांच्या नावांची: ग्रीन गेट, रेड गेट, ब्लू गेट, यलो गेट, ऑरेंज गेट. वडिलांना यायला उशीर झाला की आई म्हणायची, "आज ऑरेंज गेटला असतील." आमच्या घरात रंग दिशांसारखे वापरले जायचे. पण त्या दारांतून आत मी पहिल्यांदा गेलो तो नोकरीला लागल्यावर, पास काढून.

भिंतीच्या आतली, आणि पुढे वडाळ्यापर्यंतची, ही बंदराची जमीन म्हणजे सुमारे १८०० एकर. तिच्यातली बरीचशी भरणीची आहे, समुद्र मागे सारून केलेली. तिथे काय उतरायचं ते नावांवरून कळतं. कोळसा यायचा ते कोल बंदर, लाकूड यायचं ते लकडी बंदर, कौलं यायची ते कौला बंदर. एक हे बंदरही आहे. लहानपणी मी विचारलं होतं, "हे बंदर, तर मग ते बंदर कुठंय?" हे म्हणजे इंग्रजीतलं वाळलेलं गवत, हे नंतर कळलं. आणि दारूखाना. ती दारू तोफांची, हे सांगून ठेवतो.

आपल्याकडे वारसा म्हटलं की इमारतींची यादी निघते. मुंबईने १९९५ साली वारसा नियमावली केली, तीही देशात सगळ्यांच्या आधी. मोठं काम झालं, त्याबद्दल दुमत नाही. पण बंदराच्या जमिनीवर यादी पुरी पडत नाही. तिथे जमीन एकाची, तिच्यावरची वखार दुसऱ्याची, आत बसलेला तिसराच. छप्पर गळलं तर शिडी कोण लावणार, हे यादीत लिहिलेलं नसतं. ते भाडेपट्ट्यात लिहिलेलं असतं. आज मला बोलायचंय ते या कागदाबद्दल.

आधी एक जुनी गोष्ट. एकोणिसाव्या शतकात या किनाऱ्याचा मोठा तुकडा एका खाजगी कंपनीच्या हातात होता. एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी तिचं नाव. तिने भरणी केली, धक्के बांधले. मग सरकारच्या लक्षात आलं, की शहराचं दारच एका कंपनीच्या मुठीत चाललंय. १८७०च्या सुमारास सरकारने ती मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ साली बंदराचा कारभार बघायला पोर्ट ट्रस्ट उभा राहिला. म्हणजे हा किनारा खाजगी हातातून एकदा पैसे मोजून सोडवून आणलेला आहे.

आता बॅलार्ड इस्टेट बघा. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, खोदताना जी माती आणि दगड निघाले, ते टाकून जवळपास २२ एकर जमीन तयार झाली. पोर्ट ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड, त्यांचं नाव तिला दिलं. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट, गेटवेवाले. भूखंड वेगवेगळ्या कंपन्यांना गेले, पण इमारती कशाही उठल्या नाहीत. उंची, दर्शनी दगड, गॅलऱ्यांच्या रेषा यांत एकसारखेपणा राहिला, कारण जमीनमालक एकच होता आणि तो अटी घालत होता. शंभर वर्षांनी आपण तिथे फोटो काढायला जातो. आपण फोटो काढतो तो खरं तर पट्ट्यातल्या अटींचा.

आणि त्याच मालकाची जमीन रे रोडला. काही वर्षांपूर्वी एका वखारीचं मोजमाप घ्यायला गेलो होतो. छपराला पेलणाऱ्या बर्मा सागाच्या कैच्या इतक्या सुंदर, की टेप हातातच राहिली. वर मंगलोरी कौलं, त्यांत मोठी भोकं, भोकांवर निळी ताडपत्री, ताडपत्रीवर विटा. खाली लोखंडी पत्र्यांचे गठ्ठे. मी वखारीच्या मालकांना विचारलं, "शेठ, कौलं का नाही बदलत?" त्यांनी चहा पुढे सरकवला आणि म्हणाले, "पट्टा वडिलांच्या वेळेला संपला. तेव्हापासून केस चालू आहे. उद्या खाली करा म्हणाले, तर कौलं काय खांद्यावर घेऊन जाऊ?"

मला यापेक्षा चांगलं उत्तर देता आलं नसतं. बंदर आणि अशा भाडेकरूंमधला भाडेवाढीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००४ साली न्यायालयाने सांगितलं, की बंदराने भाडं वाढवावं, पण नफेखोर घरमालकासारखं वागू नये. तत्त्व ठरलं. ताडपत्री तिथेच आहे.

बाहेर काय करतात? सिडनीचं उदाहरण देतो. तिथे बंदराभोवतीच्या लष्करी जमिनी रिकाम्या होऊ लागल्या आणि विकल्या जाणार अशी चिन्हं दिसली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. २००१ साली कायदा होऊन सिडनी हार्बर ट्रस्ट झाला. गाभ्याच्या जमिनी विकायच्या नाहीत, जुन्या इमारती भाड्याने द्यायच्या, आणि ते भाडं त्याच जागांच्या देखभालीला लावायचं. याच ट्रस्टकडच्या कोकाटू बेटावर १८३९पासून कैदी ठेवत, पुढे तिथे जहाजं बांधली. २००७पासून ते लोकांना खुलं आहे; तुम्ही तंबू ठोकून यारीखाली झोपू शकता. २०१०मध्ये ते जागतिक वारशात गेलं.

पण 'सिडनीसारखं करा' असं मी म्हणणार नाही. त्या बराकी रिकाम्या होत्या. आपल्याकडे कौला बंदरात वस्ती आहे, शिवडीच्या बीडीडी चाळी बंदराच्याच जमिनीवर आहेत. ससून डॉकला पहाटे बाया पाटावर बसून कोलंबी सोलतात, बर्फ फुटत असतो, लिलावाचा आवाज सुरू असतो. १८७५ सालचा तो डॉक आजही कामावर आहे. तो रिकामा करून, रंगवून, तिथे कॉफी विकायला लागलो तर दगड वाचेल आणि डॉक जाईल. पूर्व किनारा खुला करण्याच्या आराखड्यांत बगिचे, मरीना, सायकलमार्ग हे सगळं असतं. भाडेपट्ट्याची मुदत किती आणि छपराची जबाबदारी कुणाची, हे मात्र शेवटच्या पानांत शोधावं लागतं.

शिवडीला तर गंमतच आहे. किल्ला १६८०चा, १६८९ साली सिद्दी याकूत खानाने मुंबईवर चाल केली तेव्हा तो आधी इथेच उतरला. आज किल्ला पुरातत्त्व खात्याच्या वाट्याला, पायथा बंदराच्या, तिवरं वनखात्याच्या आणि डोक्यावर २०२४पासून अटल सेतू. खाली चिखलात रोहित पक्षी उभे. त्यांना कुणाचाच पास लागत नाही, त्यामुळे सध्या त्या जमिनीचे सगळ्यात निर्धास्त भाडेकरू तेच.

पंधरा दिवसांनी, रविवारी, आपण तिथे जाणार आहोत. शिवडी स्टेशनला पूर्वेकडे उतरा. वेळ भरतीचं कोष्टक बघून कळवतो, कारण पाणी उतरायला लागलं की पक्षी जवळ येतात आणि पूर्ण ओहोटीला पार लांब जातात. आधी किल्ला, मग धक्का. चपला जुन्या घाला.