दानपेटी, मामलेदार आणि प्राप्तिकर

(दृश्य: मंगेशी. दीपस्तंभ, सकाळची घंटा.)

जत्रेआधी दुकानांच्या जागांची पावणी म्हणजे लिलाव होतो, अग्रशाळेच्या, म्हणजे भाविकांच्या निवासाच्या खोल्या भरतात, दानपेटी जड होते. या पैशावर कर का नको, असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतोच. विचारावाच; पण इथे सरसकट माफी आहे हे आधी डोक्यातून काढावे.

गोव्यातली देवस्थाने १९३३च्या पोर्तुगीजकालीन नियमावलीने चालतात. महाजन, म्हणजे देवस्थानाचे पिढीजात सदस्य, समिती निवडतात, मामलेदार देखरेख ठेवतो. मात्र मामलेदाराच्या दप्तरी नाव असले म्हणून प्राप्तिकर सुटत नाही. प्राप्तिकर खात्याकडे वेगळी नोंदणी लागते, तिला मुदत असते. समिती बदलते, पासवर्ड जुन्या चिटणिसाकडे राहतो, मुदत उलटून जाते.

(दृश्य: खतावणीवर पेन.)

समजा, वर्षाचे उत्पन्न ४० लाख. त्यातले ८५ टक्के, म्हणजे ३४ लाख, त्याच वर्षी देवस्थानाच्या उद्देशांवर खर्च व्हायला हवेत. खर्च २५ लाखच झाला, तर उरलेले ९ लाख सभामंडपाच्या छपरासाठी राखता येतात, जास्तीत जास्त ५ वर्षे. पण अर्जात कारण नेमके लिहावे लागते. ‘विकासकामे’ एवढेच लिहिले की अर्ज अडतो. समितीतल्या कोणाच्या नातेवाइकाला अग्रशाळेची खोली फुकट दिली, तर तेवढ्या लाभावर ३० टक्के कर बसू शकतो.

जीएसटीचे गणित निराळे. देवळाच्या आवारातली खोली दिवसाला हजाराच्या आत असेल तरच भाडे करमुक्त. दुकानाचे भाडे महिन्याला १० हजारांच्या आत हवे. पावणीत बोली चढली की ही रेषा कधी ओलांडली ते कळतही नाही.

चर्चची फाब्रिका (चर्चची मालमत्ता सांभाळणारी संस्था) असो वा मशिदीचा ट्रस्ट, प्राप्तिकराची चौकट तीच.

(दृश्य: पेटीचे कुलूप उघडते.)

सवलत राहावी, असे आमचे मत. देवळाचा पैसा ना महाजनांचा, ना पुजाऱ्याचा. वाटून घेता येत नाही, मग नफा कोणाचा? खटकते ते निनावी दान. इतर धर्मादाय संस्थांना ठरावीक मर्यादेपुढच्या निनावी देणगीवर ३० टक्के कर आहे. निव्वळ धार्मिक संस्थेला तो नाही. पेटीत नोट टाकणाऱ्याचे नाव कोण विचारणार, हे खरे. मग निदान दोन साक्षीदारांसमोर मोजणी, सह्यांचा कागद आणि त्याच दिवशी बँकेत भरणा, एवढी अट तरी या सवलतीला जोडावी.