सरळ की क्रॉस?

(दृश्य: लाकडी टेबलावर निळ्या केबलचं वेटोळं. शेजारी क्रिम्पिंग टूल आणि कात्री.)

"सरळ पाहिजे का क्रॉस?"

२००३ साली पुण्याच्या तपकीर गल्लीत दुकानदाराने हे विचारलं, आणि दादाने माझ्याकडे पाहिलं, मी दादाकडे. घरात तेव्हा दोन कॉम्प्युटर झाले होते. एकातलं दुसऱ्यात न्यायचं तर हार्ड डिस्क खोलून काढायची, टॉवेलमध्ये गुंडाळायची आणि पलीकडच्या खोलीत नेऊन जोडायची. फ्लॉपीत मावायचं १.४४ एमबी, म्हणजे सीडीभर माल न्यायला पाचशेच्या आसपास फ्लॉपी लागल्या असत्या. म्हणून नेटवर्क केबल आणायला आलो होतो. सरळ म्हणजे चांगलीच असणार, असं वाटून आम्ही सरळ घेतली.

घरी आलो, दोन्हीकडे खटकन बसवली. जोडणी झाली की लागणारा मागचा दिवा लागलाच नाही.

(दृश्य: केबलचं टोक जवळून. आवरण सोललेलं, आठ रंगीत तारा.)

या केबलच्या आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली. ही जुनी हुशारी आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली टेलिफोनच्या तारांसाठी तिचं पेटंट घेतलं होतं. पीळ असला की बाहेरची खरखर दोन्ही तारांवर सारखीच चढते. पलीकडचं टोक दोघींमधला फरक तेवढा वाचतं, आणि खरखर आपोआप वजा होते. म्हणून साधी तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत काम करते. घरातल्या घरात कितीही वळसे घेऊन न्या, तेवढी लांबी भरणार नाही.

त्या काळच्या १०० एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट वेगाच्या, नेटवर्क कार्डाला चारपैकी दोनच जोड्या लागायच्या. कॉम्प्युटर बोलणार पहिल्या आणि दुसऱ्या तारेवर, ऐकणार तिसऱ्या आणि सहाव्या तारेवर. हब किंवा स्विच म्हणजे अनेक कॉम्प्युटर एकत्र जोडणारी पेटी. तिच्या पोर्टमध्ये, म्हणजे केबल बसवायच्या भोकात, हे आतूनच उलटं केलेलं असतं, त्यामुळे कॉम्प्युटर ते स्विच सरळ केबल चालते. पण दोन कॉम्प्युटर थेट जोडले की दोघंही एकाच जोडीवर बोलतात आणि दुसऱ्या जोडीवर दोघंही कान लावून बसतात. आमच्या घरी नेमकं हेच झालं होतं.

(दृश्य: हात. तारा बोटांनी सरळ करताना.)

उपाय एवढाच, की एका टोकाला रंगांची अदलाबदल करायची. हे हाताने करून बघण्यात जो आनंद आहे, तो तयार केबल आणून मिळत नाही.

एक टोक नेहमीचं. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दुसऱ्या टोकाला हिरवी जोडी नारिंगीच्या जागी आणि नारिंगी हिरवीच्या जागी. बाकी काही हलवायचं नाही.

तारा बोटांच्या चिमटीत धरून मागे-पुढे वाकवायच्या, म्हणजे त्यांचा पीळ मरतो. मग कात्रीने एका रेषेत कापायच्या आणि पारदर्शक जॅकमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाच्या प्लास्टिकच्या खुंटीत, सरकवायच्या. आठही तांब्याची टोकं जॅकच्या नाकाशी दिसली पाहिजेत. एक जरी मागे राहिली तरी सगळं फुकट. बाहेरचं आवरणही थोडं आत गेलं पाहिजे, नाहीतर चार दिवसांत ओढाताणीने तारा सुटतात. मग क्रिम्पर, म्हणजे जॅक तारांवर पक्का बसवायची पक्कड, दाबायचा. सोनेरी पात्यांचे दात तारांत रुततात, आणि त्याचा जो 'कट्' आवाज येतो तो एकदा ऐकला की पुन्हा ऐकावासा वाटतो.

आम्ही दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि क्रॉस केबल घेतली. दादाने तिच्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवली, 'क्रॉस'. एका मशीनला १९२.१६८.१.१ हा पत्ता, दुसऱ्याला १९२.१६८.१.२, आणि दोघं एकाच नेटवर्कात आहेत हे सांगणारा मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे, म्हणजे बाहेरच्या नेटवर्कचं दार, रिकामा, कारण बाहेर जायचंच नव्हतं. कमांडच्या काळ्या खिडकीत पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक, टाइप केलं आणि चार ओळी उत्तर आलं. पलीकडच्या खोलीतल्या यंत्राने ओ दिली होती!

(दृश्य: चिंचोळा बोळ. समोरासमोर आलेली दोन माणसं.)

आज हा प्रश्न कुठल्याच दुकानात विचारत नाहीत. त्यामागे एचपी कंपनीतले दोन इंजिनिअर आहेत, डॅनियल डव्ह आणि ब्रूस मेल्विन. पोर्टनेच आपली बोलायची आणि ऐकायची जोडी बदलावी, अशी सोय त्यांनी काढली. नाव ऑटो-एमडीआयएक्स. यातली खरी अडचण बोळात समोरासमोर आलेल्या दोन माणसांची आहे. हा डावीकडे सरकतो, तोही त्याच बाजूला येतो, मग दोघंही परत दुसरीकडे. दोन्ही पोर्ट एकाच ठेक्यात बदलत राहिले तर जुळणार कधी? म्हणून प्रत्येक पोर्ट नेम नसलेल्या आकड्यावरून ठरवतं, आता बदलायचं की तसंच थांबायचं. क्षणभरात कोणीतरी एक थांबतं, दुसरं सरकतं, आणि दिवा लागतो. दोघांपैकी एकाला जरी हे येत असलं तरी पुरतं.

(दृश्य: जुना कॉम्प्युटर, धूळ झटकलेला. शेजारी नवा लॅपटॉप.)

गेल्या दिवाळीत साफसफाई करताना बाबांचा जुना कॉम्प्युटर निघाला. विंडोज एक्सपी, ४० जीबीची डिस्क, त्यात २६ जीबी फोटो. यूएसबीची भोकं इतकी सैल की पेन ड्राइव्ह मध्येच सुटायचा. लॅपटॉपला लॅनचं भोकच नाही, म्हणून यूएसबीचा कन्व्हर्टर लावला आणि माळ्यावरची तीच चिठ्ठीवाली केबल जोडली. दिवा लगेच लागला.

पिंग गेलं, पण फोल्डर उघडेना. एक्सपीला फाइल द्यायची-घ्यायची एकच जुनी भाषा येते, एसएमबीची पहिली आवृत्ती. विंडोज १० मध्ये ती २०१७ च्या शेवटाकडून मुळातच बसवलेली येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात फाइली कोंडून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला तो याच जुन्या दारातून. एरवी मी ती कोणालाही चालू करू देणार नाही. पण इथे वायफाय बंद होतं, राउटर नव्हता, आणि तारेच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला बाबांचं यंत्र. मध्ये तिसरं कोणी नाही. तेवढ्या वेळापुरती ती चालू केली.

जुनं कार्ड १०० एमबीपीएसचं, आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला जेमतेम ११ एमबी. पाऊण तास लागला. बाबा खुर्ची ओढून बसले आणि फाइलींची नावं सरकताना बघत राहिले. मधल्या एका फोल्डरवर म्हणाले, "हे आजीच्या पंच्याहत्तरीचे. हे नीट येऊ देत."

(दृश्य: लुकलुकणारा हिरवा दिवा. मग स्थिर.)

आले. जुनी भाषा परत बंद केली, केबल काढली. वेटोळं करताना चिठ्ठी निघू लागली होती, म्हणून तिच्यावर नवी चिकटपट्टी लावली. दादाच्या अक्षरातलं 'क्रॉस' अजून वाचता येतंय.