सीआरपी नॉर्मल आला, मग अपेंडिक्स नाहीच का?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय: "मॅडम, पोटात दुखतंय, पण सीआरपी नॉर्मल आहे. म्हणजे अपेंडिक्स नाही ना?" (सीआरपी म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी.) सोबत रिपोर्टचे फोटोही येतात. पण दुखणं किती वाजता सुरू झालं, हे कुणीच लिहीत नाही. आणि मला तर आधी तेच हवं असतं!

बेसिक पटकन सांगते. अपेंडिक्सला सूज आली की पांढऱ्या पेशी वाढतात, त्यातही न्यूट्रोफिल या प्रकारच्या पेशी जास्त दिसतात, आणि यकृत सीआरपी नावाचं प्रथिन भराभर बनवायला लागतं. बहुतेकांना हे माहीत असतंच, पुढे जाऊ.

आता घड्याळाकडे या. पांढऱ्या पेशी लवकर वाढतात. सीआरपी मागून येतो, कारण सुजेचा निरोप आधी यकृताला पोचायला हवा, मग ते प्रथिन बनणार, मग रक्तात उतरणार. त्यात सहा-आठ तास सहज जातात, आणि आकडा पुरता वर चढायला दीड-दोन दिवस लागतात. म्हणजे दुखायला लागल्यावर तीन तासांत रक्त दिलंत, तर नॉर्मल सीआरपीवरून काहीच ठरत नाही.

एक मुलगा आठवतो, बारावीचा. संध्याकाळी बेंबीभोवती दुखायला लागलं, वडिलांनी लगेच लॅबमध्ये नेलं. सीआरपी ४, म्हणजे नॉर्मल, पांढऱ्या पेशी मात्र तेरा हजार, म्हणजे वाढलेल्या. घरी सगळे म्हणाले, "रिपोर्ट क्लिअर आहे, गॅस असेल." सकाळी दुखणं उजवीकडे खाली सरकलेलं, पोराला सरळ उभं राहता येईना. पुन्हा रक्त काढलं, सीआरपी ६८. पहिला रिपोर्ट चुकीचा नव्हता हो, रक्त फार लवकर काढलं होतं.

हेच उलट्या बाजूनं बघा. दुखून दीड-दोन दिवस झालेत, आणि पांढऱ्या पेशी आणि सीआरपी दोन्ही नॉर्मल आहेत. आता या नॉर्मलला वजन आहे. अपेंडिक्सची शक्यता बरीच कमी होते, शून्य नाही होत. आकडा तोच, पण त्याचा अर्थ घड्याळ ठरवतं. म्हणून डॉक्टर शंका असेल तर काही तासांनी पुन्हा रक्त मागवतात. त्यावर "पैसे काढायचे धंदे" अशी कमेंट वाचली की मला खरंच वाईट वाटतं. दोन आकड्यांमधला फरक एका आकड्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतो.

आणि नुसत्या रक्तावर अपेंडिक्स ठरतही नाही. १९८६ साली आल्वाराडो या डॉक्टरांनी अपेंडिक्सची शक्यता मोजणारा दहा गुणांचा स्कोअर दिला, आजही वापरात आहे. त्यात रक्ताला तीनच गुण, बाकीचे सात लक्षणांना, तापाला आणि पोट दाबून केलेल्या तपासणीला. सीआरपी तर त्यात नाहीच! तो नंतरच्या स्कोअरमध्ये आला. तेव्हा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून निदान मागू नका, पोटाला हात लावावाच लागतो.

युनिटही बघा, प्लीज. एका ताईंनी लिहिलं, "सीआरपी फक्त १.२ आहे." फोटो मोठा करून पाहिला तर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. म्हणजे प्रति लिटर १२. साधारण पाच-सहाच्या आत नॉर्मल धरतात, मग हा वाढलेलाच झाला ना?

सीआरपी वाढला म्हणजे अपेंडिक्सच, असंही नाही. न्यूमोनियात वाढतो, लघवीच्या इन्फेक्शनमध्ये वाढतो. गरोदरपणात तर पांढऱ्या पेशी एरवीही पंधरा हजारांच्या आसपास जाऊ शकतात.

आणि मुलींनो, बायांनो, उजवीकडे खाली अचानक जोरात दुखलं, उलट्या सुरू झाल्या, तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. त्यात सुरुवातीला सीआरपी अगदी नॉर्मल असू शकतो आणि तासागणिक अंडाशयाला धोका वाढतो. तिथे रिपोर्टची वाट बघत घरी बसायचं नाही. थेट हॉस्पिटल गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.