पाण्याची चावी कुणाकडे?

श्रोतेहो, नमस्कार.

१९७८ साली आमचं बिऱ्हाड गिरगावातून वाशीला हललं, तेव्हा आजीनं वडिलांना एकच प्रश्न विचारला होता, "अरे, तिथं कावळा तरी ओरडतो का?" खाडीवरचा पूल होऊन पाचेक वर्षं झाली होती. रेल्वे यायला अजून चौदा वर्षं होती. वडील ऑफिसातून सुटले की दादरला भाजीच्या दोन पिशव्या भरायचे आणि बसला लोंबकळत पूल ओलांडायचे. नातेवाइकांच्या लेखी आम्ही ‘खाडीपलीकडे’ गेलेली माणसं होतो.

आज बोलायचंय ते त्याहून पुष्कळ लांब जाणाऱ्यांबद्दल. चंद्रावर, मंगळावर, सेरेससारख्या लघुग्रहावर पुढेमागे माणसं राहतील, अशी कल्पना करणाऱ्या विज्ञानकथा मी शाळेपासून वाचत आले. त्यातल्या बऱ्याच कथा यान उतरलं, झेंडा रोवला की संपतात. मला मात्र दुसऱ्या दिवशीच्या सकाळची काळजी लागते. पाणी किती वाजता येणार?

आमच्या वसाहतीत पाणी सोडायला चावीवाला यायचा. लांब लोखंडी दांड्याची चावी खांद्यावर टाकून, सायकलवरून. तो आला की बायका हातातलं काम टाकून बादल्या लावायच्या. एकदा तो दोन दिवस फिरकलाच नाही. आईनं तांदूळ धुतलेल्या पाण्यात डाळ धुतली, त्याच पाण्यात भांडी विसळली आणि उरलेलं तुळशीला घातलं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात आज हेच चालतं. घाम, श्वासातली वाफ, लघवी, सगळं गोळा करून त्यातलं ९८ टक्के पाणी पुन्हा पिण्याजोगं केलं जातं. २०२३ मध्ये तो टप्पा गाठला. ती बातमी वाचताना मला आईची ती पितळी परात आठवली.

मंगळावर पाणी आहे, पण बर्फाच्या रूपात. हवा आहे, पण जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइड. त्यातून ऑक्सिजन काढणारं एक छोटं यंत्र ‘पर्सिव्हिअरन्स’ या मंगळावरच्या गाडीवर २०२१ ते २०२३ या काळात सोळा वेळा चालवलं गेलं. सगळा मिळून ऑक्सिजन निघाला १२२ ग्रॅम. एका माणसाचा साडेतीन तासांचा श्वास! यंत्र चाललं ही मोठीच गोष्ट आहे. पण असं यंत्र मोठं होईल, गावभर हवा पुरवेल, तेव्हा त्याची चावी कुणाच्या खांद्यावर असेल? पृथ्वीवर चावीवाला रुसला तर माणूस विहिरीवर जातो. तिथं विहीर नाही, आणि दार उघडून बाहेर पडायचीही सोय नाही. भाडं थकलं म्हणून कुणाचा श्वास तोडता येईल का? मला वाटतं, सूर्यमालेत वस्ती करणाऱ्या माणसांच्या कथेचं खरं बीज हे आहे.

कायद्याचं म्हणाल तर १९६७ च्या अंतराळ करारानुसार कोणताही देश चंद्रावर किंवा ग्रहावर मालकी सांगू शकत नाही. पण २०१५ साली अमेरिकेनं आपल्या नागरिकांना आणि कंपन्यांना तिथून काढलेल्या खनिजांवर, पाण्यावर हक्क दिला. म्हणजे जमीन कुणाची नाही, पण उपसलेलं पाणी उपसणाऱ्याचं. जमीन आणि मालकी यांतलं अंतर काय असतं, ते नवी मुंबईला कुणी शिकवायला नको. ९५ गावांच्या शेतांवर, मिठागरांवर हे शहर उभं राहिलं. १९८४ च्या जानेवारीत शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच जण गेले. ‘साडेबारा टक्के’, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळणारा विकसित जमिनीचा हिस्सा, हे शब्द इथल्या आगरी-कोळी घरांत त्यातून आले. मंगळावर आधीची गावं नाहीत, हे खरं. पण तिथं जन्मलेली मुलं असतील. त्यांनी कुठल्या करारावर सही केलेली नसेल.

शिवाय ती मुलं पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या ३८ टक्के ओढीत वाढतील. त्या ओढीत आजवर कुणी माणूस एक दिवसही राहिलेला नाही. आणि मंगळावरच्या लेकीला नेरुळहून आईनं "जेवलीस का?" विचारलं, तर प्रश्न पोचायलाच तीन ते बावीस मिनिटं, उत्तराला तेवढीच. भांडण तर करताच येणार नाही त्या दोघींना. पुन्हा पत्रंच लिहावी लागतील, सविस्तर, पुढचे प्रश्न ओळखून. मला हे फार सुंदर वाटतं.

आपल्या भाषेत या कथा लिहिल्या जाव्यात, ही माझी तळमळ आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, आपल्या नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून. बक्षीस मिळालं, आणि मराठी वाचकाला कृष्णविवर आपलं वाटू लागलं. आता ऐरोली-घणसोलीच्या एखाद्या मुलीनं सेरेसवरची चावीवाली लिहावी. सेरेसवर बर्फ भरपूर, दिवस नऊ तासांचा, आणि बादली उचलायला बोटही पुरेल.

२०२५ मध्ये अंतराळवीर शुभांशु शुक्लांनी अंतराळ स्थानकात मूग आणि मेथीला मोड आणले. आजी शेवटी वाशीला राहायला आली, तेव्हा तिनं पहिल्याच आठवड्यात हापूसची रिकामी पेटी गॅलरीत ठेवली, खाडीकडची माती भरली आणि मेथी पेरली. ती माती खारी, पहिली मेथी उगवलीच नाही. मग तिनं गिरगावातून पिशवीभर माती मागवली. वडील ती बसमधून मांडीवर घेऊन आले.

नमस्कार.