एका वॅटची खोली

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘मुलांच्या खोलीसाठी स्वस्त आणि आटोपशीर अँप्लिफायर कसा निवडावा’. मागच्या महिन्यात याच सभागृहात ज्ञानेश्वरीतल्या उपमांवर व्याख्यान झालं, पुढच्या महिन्यात मधुमेहावर आहे. मध्ये मी. विषय सांगितला तेव्हा संयोजकांचा चेहरा मी पाहिला. पण त्यांना नाही म्हणता येईना, कारण वाचनालयाचा हा माईक दर पावसाळ्यात बिघडतो आणि दर पावसाळ्यात मीच तो उघडून बसतो.

विषय सुचला तो माझ्या बहिणीच्या नातीमुळे. यंदा अकरावीत आहे. दहावीला मार्क चांगले पडले, बापाने विचारलं काय हवं, तर म्हणाली, खोलीत स्टिरिओ लावून द्या. हातात फोन आहे, कानात घालायच्या त्या बिया आहेत, ब्लूटूथचा गोल डबा आहे. ते काही नको. दोन स्पीकर, मध्ये अँप, आणि वायरी. वायरी हव्यात म्हणणारी मुलगी या काळात निघाली म्हटल्यावर मला गहिवरूनच आलं. तिच्या बापाचा, म्हणजे माझ्या भाच्याचा, संध्याकाळी फोन. “मामा, ऑनलाइन एक हजार वॅटचा बघितलाय, अडीच हजारांत मिळतोय. दहा बाय दहाच्या खोलीला पुरेल ना?”

पुरेल का! हजार वॅट खरे असते, तर खालच्या मजल्यावरचे जोशी चंबूगबाळं आवरून गावाला निघून गेले असते.

आता मूळ विषयाकडे जाण्याआधी मला पाच मिनिटं द्या. खोक्यावर असले हजार वॅट छापणारं हे पीएमपीओ नावाचं प्रकरण आहे ना, त्यावर मी गेली कित्येक वर्षं घरात बोलतोय, आणि घरातले आता उठून जातात. तुम्ही तिकीट काढलेलं नसलं तरी दार बंद आहे. (हशा) पीएमपीओ म्हणजे पीक म्युझिक पॉवर आउटपुट. ती मोजायची कशी, किती वेळ मोजायची, आवाज किती फाटलेला चालेल, याचं कुठलंही मान्य प्रमाण नाही. ज्याला जो आकडा शोभेल तो त्याने छापावा. अमेरिकेत असाच धुमाकूळ झाला, तेव्हा 1974 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियमच केला. वॅट छापायचे तर सलग मिळणारे छापा, किती ओहमवर, म्हणजे स्पीकरच्या किती विद्युत-रोधावर, ते सांगा, आवाजात बिघाड किती तेही सांगा. आपल्याकडे त्या आकड्याला कुणीच वेसण घातली नाही. त्यामुळे खोकी दरवर्षी फुगत गेली.

आमच्या मेहुण्यांनी एका दिवाळीत होम थिएटर आणलं. दुकानाचं नाव सांगत नाही, मेहुण्यांचंही सांगत नाही, ते तिसऱ्या रांगेत बसलेत. खोक्यावर सोनेरी अक्षरांत 4400 वॅट पीएमपीओ. दोन माणसांनी उचलून आणलं. लावल्यावर निळे दिवे नाचायला लागले, आणि लता मंगेशकर एखाद्या पिंपात बसून गातायत असा आवाज यायला लागला. मेहुणे म्हणाले, नवीन आहे, मोकळं व्हायला वेळ लागेल. मी म्हटलं, उघडू का? बायको म्हणाली, फराळ करून घ्या आधी.

फराळ झाला. मी आधी प्लग हातात घेतला. दोन पिनांचा, आणि वायर मोबाइलच्या चार्जरला असते तेवढी जाड. आपल्या भिंतीतला छोटा सॉकेट 6 अँपिअरचा. 230 व्होल्टने गुणा, 1380 वॅट होतात. त्याच्यावर त्या भोकातून काही निघू शकत नाही. 4400 वॅट यायचे तर 19 अँपिअर लागतील, आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर होळी झाली असती. झाकणाचे स्क्रू काढले. आत 12-0-12 व्होल्टचा 3 अँपिअरचा, म्हणजे चिमुकला, ट्रान्सफॉर्मर. तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ज्यांनी आयुष्यात एकदा तरी सोल्डरिंगची तार विकत घेतली असेल, ते आता मनात हसतायत. शेजारी आपली जुनी ओळखीची 4440 नावाची आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, दोन नग. ही आयसी मुळात गाडीतल्या टेपसाठीची. एका आयसीतून 6 आणि 6 वॅट, दोन आयसींचे मिळून 24. म्हणजे एका खऱ्या वॅटमागे एकशे ऐंशीच्या वर छापील वॅट.

पण मग ते डबडं इतकं जड कसं? हे मला काही केल्या कळेना. बॅटरी लावून तळाशी पाहिलं, तर चार बोटं रुंद लोखंडी पट्टी, ग्लू गनच्या डिंकाने चिकटवलेली. तिला एकही वायर नाही. उचलताना ग्राहकाला ‘माल’ वाटावा, एवढंच तिचं काम. मेहुणे अजूनही म्हणतात, ती शिल्डिंग असेल.

माझा राग त्या 24 वॅटवर नाही, हे लक्षात घ्या. 4440 बिचारी गुणी. ऐंशीच्या दशकात आपण पोरं माठात स्पीकर तोंड खाली करून बसवायचो, त्याला जुन्या टेपमधून काढलेला बोर्ड जोडायचो, आणि गच्चीवर अख्ख्या चाळीला पुरेल एवढा आवाज यायचा. किती वॅट होते? पाच-सहा. पुढे मुलं डीजेच्या नादी लागली, 5200-1943 या दांडग्या ट्रान्झिस्टरांच्या जोड्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता शोषणाऱ्या पत्र्यावर, रांगेने लावायला लागली, आणि वॅट हा पुरुषार्थाचा विषय झाला. गणपतीत भिंती उभ्या राहिल्या, खिडक्यांच्या काचा थरथरल्या. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45, ही मर्यादा 2000 सालच्या नियमात लिहिलेली आहे. ती मर्यादा आणि ती मिरवणूक यांची कधी भेट झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. असो. त्यावर बोललो तर पुढच्या वर्षी मंडळ माझ्या खिडकीखालीच मंडप घालेल.

तर भाच्याला मी विचारलं, तुझी मुलगी स्पीकरपासून किती लांब बसणार? म्हणाला, पलंगावर, सहा फूट. आता हिशोब ऐका. शेल्फवर ठेवायचा साधारण स्पीकर 1 वॅट दिला की 1 मीटरवर 86 डेसिबलच्या आसपास आवाज देतो. हा आकडा त्याच्या माहितीपत्रकात असतो, ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणून, आणि कुणी तो वाचत नाही. सहा फुटांवर थोडा कमी होतो, दुसरा स्पीकर आणि भिंती मिळून थोडा भरून काढतात. 84 धरा. एका वॅटला 84! जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्यांनी 80 डेसिबल आठवड्याला फार तर 40 तास ऐकावं, मुलांनी 75. आणि दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा करा. 84 वरून 75 वर उतरलं की वॅट जवळपास एकदशांश होतात. म्हणजे या मुलीने कान शाबूत ठेवून ऐकायचं तर अँपमधून सरासरी एकदशांश वॅट निघतोय.

हो, मध्येच तबल्यावर थाप पडते, झांज वाजते, तिथे आवाज क्षणभर 20 डेसिबलनी उसळतो. 20 डेसिबल म्हणजे शंभरपट वॅट. एकदशांशाचे शंभरपट, दहा. म्हणून 15 ते 20 वॅटचा प्रामाणिक अँप तिला आयुष्यभर पुरेल. आणि हजार वॅटवाल्यांनो, आवाज दुप्पट मोठा ‘वाटायला’ दहापट वॅट लागतात. 20 चे 40 केलेत तर फक्त 3 डेसिबल वाढतात. पैसे दुप्पट, फरक केवढा, तर बायकोने ‘जरा हळू करा’ म्हटल्यावर आपण जेवढं कमी करतो तेवढा.

इंग्लंडमध्ये 1978 साली एनएडी 3020 नावाचा अँप आला. कागदावर 20 वॅट. त्याच्यापेक्षा महागड्या, मोठाल्या अँपवाल्यांना त्याने घाम फोडला, आणि आजही लोक तो जुन्या मालात शोधत फिरतात. आमच्या वेळी आपल्याकडे कोलकात्याच्या सोनोडाइनकडे बघून लोक उसासे टाकायचे. मला वाटतं मी भरकटतोय, कारण अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीये. ‘दहा मिनिटं. सातला भरतनाट्यमचा क्लास.’ अहो, मी तर अजून दुकानातही शिरलो नाही!

बरं. भराभर सांगतो, लिहून घ्या.

दहा हजार असतील तर सहा-सात हजार स्पीकरवर घाला. अँपमधला फरक कानाला शोधावा लागतो, स्पीकरमधला दारातूनच कळतो. पैसे नसतील तर घरात माळ्यावर सीडी न वाजणारी जुनी मिनी सिस्टिम असेल, तिचे स्पीकर काढा. मागे लेबलावर 4, 6 की 8 ओहम ते वाचा. पुढची जाळी काढून कोनच्या (आतल्या भोंग्याच्या) कडेची गादी बोटाने दाबा. फोमची असेल आणि भुगा हातात आला, तर ठेवून द्या. रबराची शाबूत असेल, तर दोन्ही अंगठ्यांनी कोन अलगद आत ढकला. गुपचूप आत जाऊन परत आला तर कॉइल ठीक. घासल्यासारखं ‘खर्र’ वाजलं तर गेला.

आता अँप. तळहाताएवढे जे मिळतात ते सगळे डी क्लासचे. यांनी वीज उष्णतेत घालवायची नाही असं ठरवलंय, नव्वद टक्क्यांच्या आसपास स्पीकरला पोहोचते, म्हणून हीटसिंक काडेपेटीएवढा. या घराण्याची सुरुवात ट्रायपॅथ नावाच्या कंपनीने गाजवली. तिची टीए2020 ही चिप इतकी वाखाणली गेली की 2009 मध्ये आयईईई स्पेक्ट्रम या अभियंत्यांच्या मासिकाने जग हलवणाऱ्या पंचवीस चिपांत तिला बसवलं. तोवर कंपनी दिवाळखोरीत निघून दोन वर्षं झाली होती. हल्ली स्वस्तातल्या बहुतेकांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए3116 असते. खोक्यावर 50 आणि 50 लिहितात. ते खोटं नाही, पण 21 व्होल्ट, 4 ओहम आणि दहा टक्के फाटलेला आवाज, अशी तळटीप खाऊन टाकतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, आणि यासाठीच मी आलो होतो: अँप बघू नका, अडॅप्टर बघा. वॅट चिपमधून येत नाहीत, अडॅप्टरमधून येतात. त्याच्या पाठीवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. 12 व्होल्ट, 2 अँपिअर म्हणजे एकूण 24 वॅट, वर कितीही छापोत. या चिपा ब्रिज पद्धतीने, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही वायरींतून आवाज पाठवून, चालतात, तेव्हा व्होल्टचा वर्ग करा, दोनाने भागा, मग ओहमने भागा. 12 चा वर्ग 144, निम्मे 72, 8 ओहमवर 9 वॅट. 19 व्होल्टला तोच हिशोब 22 च्या वर जातो. आणि 19 व्होल्टचा अडॅप्टर कुठे मिळतो? तुमच्या बंद पडलेल्या लॅपटॉपच्या पिशवीत! 3.42 अँपिअरचा, 65 वॅटचा. 3116 ही चिप 26 व्होल्टपर्यंत चालते. फक्त अँपच्या मागे किती व्होल्ट चालतात ते वाचा, आणि पिनेच्या मधल्या भागात प्लस आहे ना, तेवढं बघा. नवीन घ्यायचा तर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का आणि ‘आर’ने सुरू होणारा नंबर असलेलाच घ्या. अँपमध्ये काटकसर करा, भिंतीत खोचायच्या वस्तूत नको.

बटणं किती? आवाजाचं एक, पुढच्या बाजूला, हाताला लागेल असं. बेस-ट्रेबलची असली तर उत्तम, कारण छोट्या खोलीत कोपऱ्यातला स्पीकर बेस फुगवतो, तो थोडा उतरवता येतो. ब्लूटूथ हवं, कारण मैत्रिणी येतात. पण आरसीएची, म्हणजे लाल-पांढऱ्या गोल पिनांची, तोंडं हवीतच, उद्या रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल मागेल. नाचणारे दिवे नकोत.

एक गोष्ट मात्र तांबड्या शाईने लिहा. ब्रिजच्या अँपमध्ये स्पीकरची काळी वायर म्हणजे अर्थिंग नव्हे. तिच्यातूनही आवाजच जातो. डाव्या-उजव्या स्पीकरच्या काळ्या वायरी एकत्र पिळू नका, डब्याच्या पत्र्याला टेकवू नका. वायरी जोडताना आतल्या तारेचा एकही मोकळा केस बाहेर राहता कामा नये. दोन केस एकमेकांना टेकले की चिप जाते.

अध्यक्ष उभे राहिले, म्हणजे संपलं. पण ताई, तुमचा हात मघापासून वर आहे. काय म्हणालात? लॅपटॉप जोडला की घूं असा आवाज येतो? अँप परत करायला पळू नका. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर गाणं लावा. आवाज थांबला तर अँप निर्दोष आहे. अर्थिंगचा फेरा झालाय. ऑक्सच्या, म्हणजे लॅपटॉपमधून अँपला जाणाऱ्या, वायरीच्या मध्ये लागणारा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, तो आणा. आणि नाही थांबला, तर अँप घेऊन रविवारी माझ्याकडे या. फराळ करून या.